तिसावा आठवडा: कंबर, पुढच्या हाडातील कळ आणि विळीवर बसणे

पाखाडी यांचा प्रश्न

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका गावात राहते. हे माझे पहिलेच बाळंतपण असून परवा तिसावा आठवडा लागला. रक्तदाब, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी असे सर्व व्यवस्थित आहे. त्यामुळे तपासणीला गेले की 'सगळे नॉर्मल आहे, या दिवसांत एवढे दुखायचेच' असे ऐकून परत येते. त्रास मात्र रोजचा आहे आणि तो कोणाला विचारावा हे कळत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमचे घर रस्त्याच्या खाली, आगरात आहे. रस्त्यावर यायचे तर जांभ्याच्या चिऱ्यांची ४२ पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. पाचव्या महिन्यापर्यंत ती मी एका दमात चढत असे. आता दहाव्या पायरीलाच ओटीपोटाच्या खाली, अगदी मधोमध, पुढच्या हाडात कळ येते. सलवार घालताना एका पायावर उभी राहिले तरी तीच कळ येते, आणि रात्री कूस बदलताना तर आत काहीतरी 'कट्' असे वाजल्यासारखे वाटते. दुसरे दुखणे मागच्या बाजूला, कमरेच्या खाली उजवीकडे जो खळगा असतो तेथे आहे. विळीवर बसून एक नारळ खवला की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो आणि मग काही वेळ सरळ उभेच राहता येत नाही.

सासूबाई म्हणतात, "पोट पुढे काढून चालू नकोस, सरळ चाल." त्यांचे म्हणणे मनावर घेऊन मी सरळ चालू लागले की खांदे मागे जातात आणि कंबर अधिकच आत वळते. म्हणजे सरळ चालायचे तर नेमके काय सरळ करायचे, हाच माझा प्रश्न आहे. याखेरीज पहाटे जाग येते तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर असतात, आणि मे महिन्यात घेतलेल्या चपला आता पायांत जात नाहीत.

पोटाला आधार देणारा पट्टा वापरावा का? विळीवर बसणे बंद करावे का? आणखी एक भीती मनात आहे. मोठ्या जाऊबाईंचे दोन वर्षांपूर्वी सिझेरियन झाले आणि तेव्हापासून त्यांची पाठ दुखते. पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळेच हे झाले असे घरात सगळेच मानतात. ते खरे आहे का?

खाडीकाठ यांचे उत्तर

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, तरीही आपण वर्णन इतके नेमके केले आहे की काही गोष्टी खात्रीने लिहिता येतील.

प्रथम 'सरळ चालण्या'विषयी. एरवी साठ-सत्तर ग्रॅमची असणारी गर्भाशयाची पिशवी दिवस भरेपर्यंत स्वतःच किलोभर वजनाची होते. त्यात बाळ, वार आणि गर्भजल यांची भर पडते, आणि हे सारे वजन कण्याच्या पुढे लटकलेले असते. तोल पुढे जाऊ नये म्हणून शरीर नकळत खांदे मागे टाकते, कमरेचा बाक वाढवते आणि गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट करते. भरलेली कळशी पोटाशी धरून चालणारी बाई जशी मागे रेलते, तसेच हे आहे. कळशी खाली ठेवता येते आणि पोट ठेवता येत नाही, एवढाच फरक. खांदे आणखी मागे घेऊन हा बाक कमी होत नाही, उलट वाढतो. म्हणून सुरुवात गुडघ्यांपासून करावी. गुडघे किंचित सैल सोडावेत, वजन टाचांवर न टाकता संपूर्ण तळपायावर घ्यावे, मग माकडहाड जरासे खाली सोडल्यासारखे करून बरगड्या कमरेच्या बरोबर वर आणाव्यात. खांद्यांना काहीही सांगू नये; खालचे जागेवर आले की ते आपोआप येतात. भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून कंबर हलकेच भिंतीकडे नेण्याचा सराव दिवसातून दोन-तीन वेळा केला तर शरीराला ही जागा ओळखीची होते.

पुढच्या हाडातील कळ हा वेगळा विषय आहे. कमरेच्या हाडांचे जे कडे असते ते पुढे मधोमध एका कूर्चेने आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेले असते. एरवी पुढच्या जोडात चार-पाच मिलिमीटरचे अंतर असते आणि गरोदरपणात त्यात दोन-तीन मिलिमीटरची वाढ होणे स्वाभाविक आहे. रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांमुळे सांधे सैलावतात हे खरे. मात्र रिलॅक्सिन जितके जास्त तितके दुखणे जास्त, असे सरळ गणित संशोधनात आढळलेले नाही. पाचांपैकी साधारण एका गरोदर स्त्रीला या कड्याचे दुखणे होते. आपली उजवीकडच्या खळग्यातील वेदना बहुधा मागच्या सांध्याची आहे आणि दोन्ही दुखणी एकाच कड्याची असावीत.

हे कडे चिडते ते दोन पायांवर असमान भार आला की. सलवार घालणे, पाखाडी चढणे, कुशीवर वळणे, या प्रत्येक वेळी एक पाय एक काम करतो आणि दुसरा दुसरे. म्हणून सलवार खाटेवर बसून घालावी. पाखाडी चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणावेत. कमी दुखणारा पाय वर जाताना आधी आणि उतरताना नंतर. ४२ पायऱ्या म्हणजे ८४ पावले होतील, पण कळ कमी होईल. शक्य असल्यास मध्ये दोन ठिकाणी टेकायला चिरा मांडून घ्यावा. रिक्षात बसताना आधी पाठमोरे होऊन बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. रात्री वळताना गुडघ्यांमध्ये उशी धरावी, गुडघे एकमेकांना चिकटलेले ठेवावेत आणि खांदे व कंबर ओंडक्यासारखे एकदम फिरवावे. तो 'कट्' आवाज ऐकून घाबरू नये. आवाजाने काही मोडत नाही. २८ आठवड्यांनंतर उताणे न झोपता कुशीवर झोपावे हे आपणास सांगितले असेलच, कारण उताणे झोपल्यावर गर्भाशयाचे वजन पोटातील मोठ्या शिरेवर येते.

आता विळी. एक मांडी पाटावर दुमडलेली, दुसरा गुडघा उभा, धड पात्याकडे पिळलेले आणि दोन्ही हातांनी जोर लावणे, अशी ही बैठक आहे. आपल्या दुखण्यासाठी याहून वाईट बैठक मला शोधूनही सापडणार नाही. टेबलाला लावायची खवणी बाजारात मिळते. ती ओट्याच्या कडेला बसवून उभ्याने खवावे आणि उभे असताना एक पाऊल वीतभर उंच पाटावर आलटून पालटून ठेवावे.

बधिर बोटांचे कारण मनगटात आहे. अंगात पाणी साठते, मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला जातो आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात. रात्री मनगट सरळ राहील असा आधार बांधून झोपल्यास बहुतेकांना बरे वाटते, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत हा त्रास सहसा जातो. पावलांच्या कमानी वजनाने व सैल सांध्यांमुळे चपट्या होतात, म्हणून चपला आखूड पडतात. काही जणींचे पाऊल कायमचे थोडे लांब होते. चपला मोठ्या मापाच्या आणि मागे पट्टा असलेल्या घ्याव्यात, विशेषतः पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर.

पट्टा पोटावर बांधायचा नसतो. तो पोटाच्या खाली, नितंबांभोवती बसला पाहिजे, आणि चालण्याच्या किंवा कामाच्या वेळेपुरताच वापरावा. दुखणे कमी झाले तर ठेवावा, नाहीतर सोडून द्यावा. वेदनाशामक गोळी मात्र मनाने घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात.

जाऊबाईंच्या इंजेक्शनबद्दल: सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते. परंतु असे इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक दिसलेला नाही. मग पाठ का दुखते, याचे उत्तर बहुतेक वेळा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सापडते.

सोनचाफा यांचे उत्तर

त्या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचे आहे, कारण मीही तीन वर्षे इंजेक्शनलाच दोष देत होते.

माझे माहेर वेंगुर्ल्याजवळ आहे. दुसऱ्या बाळंतपणाला मी तेथे गेले आणि दहाव्या दिवसापासून आईने जुन्या नऊवारीचा पट्टा पोटाला बांधायला सुरुवात केली. मी खांबाला धरून उभी राहायचे आणि आई व मावशी दोन बाजूंनी ओढायच्या. पोट आत जाते, वारा धरत नाही, अशी त्यामागची समजूत. पट्टा इतका आवळलेला असे की जेवताना श्वास पुरत नसे. दीड महिन्याने खाली काहीतरी ओढल्यासारखे जड वाटू लागले आणि शिंकताना लघवीचे थेंब जाऊ लागले. एका दवाखान्यात हे सांगितले तेव्हा "दोन मुले झाल्यावर असे व्हायचेच" एवढेच उत्तर मिळाले. लाज वाटून मी पुन्हा कोणाला विचारले नाही, आणि त्यात वर्ष गेले.

नंतर एका फिजिओथेरपिस्टने मला उताणे झोपवून, गुडघे मुडपून, डोके किंचित उचलायला सांगितले आणि बेंबीच्या वर बोटे ठेवली. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मध्ये तीन बोटे सहज आत गेली. माझीच बोटे तिने तेथे ठेवली तेव्हा मला धक्काच बसला. पोटाच्या मधोमध पिठाच्या गोळ्यासारखी मऊ खाच होती. गरोदरपणात मधला दुवा ताणला जातो आणि पहिल्या आठ आठवड्यांत तो बराचसा आपोआप आवळतो. उरलेल्या खाचेला पट्टा मिटवत नाही, तर पोटाचे आतले स्नायू काम करू लागले की ती आटोक्यात येते, असे तिने समजावले. आवळलेल्या पट्ट्याने दाब वरून खाली जातो आणि आधीच थकलेल्या ओटीपोटाच्या तळावर बसतो. सैल सुती कापडाचा आधार बरा वाटत असेल तर जरूर घ्यावा. पण आवळून बांधण्यास मी कोणालाही नकोच म्हणेन.

माझ्या पाठीचे खरे कारण तिला पाच मिनिटांत दिसले. "पाजायला कशा बसता ते दाखवा," असे ती म्हणाली. मी माजघरात भिंतीपासून हातभर पुढे, मांडी घालून, बाळावर ओणवी होऊन बसले. दिवसातून आठ-दहा वेळा, प्रत्येकी अर्धा तास, मी अशी बसत होते. त्यात इंजेक्शनचा काय संबंध? पाठ भिंतीला टेकवून, मांडीवर दोन उशा ठेवून, बाळाला छातीपर्यंत वर आणायचे आणि आपण बाळाकडे वाकायचे नाही, एवढा एकच बदल केला आणि महिन्याभरात पाठ निम्म्याने हलकी झाली. पाखाडीताई, आपल्या जाऊबाई कशा बसत होत्या ते एकदा विचारून पाहा.

मागीलदार यांचे उत्तर

मी सिंधुदुर्गात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. वरच्या दोघींचे म्हणणे पटले, परंतु एका मुद्द्यावर माझे मत निराळे आहे. खाली बसणे सरसकट वाईट ठरवू नये. कित्येक बायकांना खुर्चीपेक्षा जमिनीवरच बरे वाटते. विळी नको हे मान्य. पण दुमडलेली चादर किंवा जाड पाट बुडाखाली घेऊन, भिंतीला टेकून, दोन्ही पाय सारखे ठेवून निवडणे-सोलणे करता येते. जमिनीवर झोपून उठताना मात्र एकदम उठू नये. आधी कुशीवर यावे, मग हाताच्या जोराने बसावे आणि नंतर उभे राहावे. आमच्याकडे चटईवर झोपणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला मी हे करून दाखवत असे, कारण तोंडी सांगून ते कळत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती 'कंबर दुखायचीच' या वाक्याची. बसण्या-उठण्याने येणारी आणि आराम केल्यावर कमी होणारी कंबरदुखी वेगळी. दिवस भरण्यापूर्वी कंबर थांबून थांबून, ठरावीक अंतराने दुखत असेल, पोट कडक होत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर ती अवेळी सुरू झालेली कळ असू शकते. ताप व लघवीला जळजळ यांसह पाठ दुखत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग पाहावा लागतो. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, चेहरा व हात अचानक सुजणे ही रक्तदाबाची खूण आहे. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल तर चोळू नये, दाखवावी. मालीशवालीलाही हे सांगून ठेवावे. जांघेच्या आतला भाग बधिर होणे आणि लघवी अडणे हे तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे कारण आहे. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत, आणि पावसात पाखाडीवरून खाली-वर कोण नेणार हे आधी ठरवून ठेवावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. तेथे फक्त वजन-रक्तदाब करून परतू नका. "या हाडात दुखते," असे बोट ठेवून सांगा.

बाळंतपणानंतरच्या शेकाविषयीही सांगते. कोमट पाण्याने अंघोळ, हलक्या हाताने खोबरेल तेल, याला हरकत नाही. पण दारे-खिडक्या लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. कोंडलेल्या खोलीत तो धूर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. टाके असतील तर त्यावर शेक नकोच.

पाखाडी यांचे उत्तर

आपणा सर्वांना उत्तर द्यायला दिवाळी उजाडली, याबद्दल क्षमस्व. सप्टेंबरच्या अखेरीस मला मुलगी झाली. बाळंतपण नैसर्गिक झाले आणि दोघी सुखरूप आहोत.

खवणी ओट्याला बसवली, सलवार बसून घालू लागले आणि यजमानांनी पाखाडीच्या दोन वळणांवर चिरे मांडून दिले. कळ पूर्ण गेली नाही, पण अडून बसावे लागले नाही. पुढच्या हाडाचे दुखणे बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत थांबले. बोटांचा बधिरपणाही गेला. जाऊबाईंना विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्या चुलीपुढच्या पाटावर ओणव्या बसूनच पाजत असत, कारण एक डोळा भातावर ठेवावा लागे.

आता मात्र नवीनच दुखणे आले आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत, बाळाला उचलले की सुरी फिरवल्यासारखे दुखते. आणि घरातील जुनी झोळी कडीपाटाला टांगलेली असून ती जवळजवळ जमिनीला टेकते, त्यामुळे दर वेळी वाकून कंबर पुन्हा धरू लागली आहे. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेले. व्यायाम सुरू करता येईल का?

खाडीकाठ यांचे उत्तर

अभिनंदन. अंगठ्याच्या बाजूचे हे दुखणे नव्या आयांमध्ये फार आढळते. बाळाच्या बगलांखाली हात घालून, अंगठे ताठ उघडून उचलले की अंगठ्याच्या स्नायूंच्या दोऱ्यांवर सगळा भार येतो. त्याऐवजी एक तळहात बाळाच्या बुडाखाली आणि दुसरा मान व पाठीखाली सरकवावा, अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेला ठेवावा आणि भात उपसावा तसे बाळाला उचलावे. पाजताना बाळाचे डोके मनगट मुडपून पेलू नये. कोपराच्या खोबणीत घ्यावे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवावे; आधार देणारी पट्टी किंवा क्वचित इंजेक्शन लागते.

सहा आठवड्यांची तपासणी झाली असेल तर चालणे वाढवावे. उठाबशा आणि पोटाचे जोरकस व्यायाम एवढ्यात नकोत. कुशीवर किंवा पाठीवर झोपून श्वास सोडताना, वारा आणि लघवी दोन्ही रोखतो तसे खालचे स्नायू वर ओढावेत, श्वास घेताना पूर्ण सैल सोडावेत. सैल सोडणेही ओढण्याइतकेच शिकावे लागते. नेमकी हीच गोष्ट बाळाला किंवा बादलीला उचलण्याच्या क्षणी करावी: श्वास सोडत उचलणे.

झोळीची दोरी आखडून तळ आपल्या कमरेच्या थोडा खाली येईल असा करा.

मागीलदार यांचे उत्तर

झोळी वर घ्याल तेव्हा आधी कडी आणि दोरी एखाद्या मोठ्या माणसाने लोंबकळून तपासावी, खाली जाड गोधडी अंथरावी, आणि बाळ पालथे पडू लागले की झोळी पुन्हा खाली घ्यावी.

पाखाडी यांचे उत्तर

आज सकाळी यजमानांनी दोरी दीड हात आखडली आणि स्वतः लोंबकळून पाहिली. कडी टिकली, दोरीचा एक पेड मात्र झिजलेला निघाला, म्हणून दुपारी बाजारातून नवी आणली आहे.